प्लगइन एका मशीनवर चालतं, दुसऱ्यावर नाही: क्यूजीआयएसवाल्यांसाठी तपासणीचा क्रम

जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात क्यूजीआयएस हे नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर वापरणारे आता बरेच झालेत. पाणलोटाची कामं करणारे, रावेर-यावलकडच्या केळीबागांचे नकाशे करणारे, धडगाव-अक्कलकुव्याकडे वनहक्काच्या दाव्यांची मोजणी करणारे, भूगोलाचा प्रबंध लिहिणारे. त्यातला एखादा हौशी पोरगा पायथन भाषेत स्वतःचं छोटं प्लगइन, म्हणजे क्यूजीआयएसला जोडायचा जादा तुकडा, लिहितो, ते पेनड्राइव्हने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर चार जणांकडे जातं, आणि आठवडाभरात फोन सुरू होतात: "भाऊ, प्लगइन गेलं."

हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की फोनवरच्या पहिल्या दोन वाक्यांवरून कारणाचा अंदाज येतो. कोडमध्ये दोष असणं तसं क्वचितच. प्लगइन लिहायची जागा, बांधायची (म्हणजे कोडपासून चालणाऱ्या फाइली तयार करायची) जागा आणि चालवायची जागा या तीन वेगळ्या जागा असतात. त्यांची सरमिसळ झाली की हा त्रास होतो. लिहिणाऱ्याच्या मशीनवर तिन्ही एकाच फोल्डरमध्ये असतात, म्हणून त्याला काही दिसत नाही. खालच्या सगळ्या तपासण्या शेवटी याच एका प्रश्नाकडे जातात.

फाइलींची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. मशीनवर ती रोमन अक्षरांतच टाकायची.

लक्षणं

आधी आपला आजार कुठला ते ओळखा, कारण प्रत्येक लक्षणासाठी सगळ्या तपासण्या लागत नाहीत.

- प्लगइन यादीत दिसतच नाही. एररही नाही, काहीच नाही.
- यादीत दिसतं, पण या आवृत्तीला जुळत नाही असं म्हणून टिक करू देत नाही.
- टिक केल्यावर पायथन एरर येते. बहुतेक वेळा शेवटी 'मॉड्यूल नॉट फाउंड' किंवा 'इम्पोर्ट एरर'.
- लोड होतं, पण आयकॉन कोरा, किंवा दुरुस्ती करूनही जुनंच वागतं.
- गिटवरून (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) घेतलेलं चालत नाही, पण मित्राने दिलेली झिप चालते. (किंवा बरोबर उलटं.)
- क्यूजीआयएस अपडेट केल्यावर बंद पडलं, कोडला कोणी हातही लावला नव्हता.

प्लगइन चालतं पण क्षेत्रफळ चुकीचं येतं, हा वेगळा आजार. तिथे आधी लेयरचा सीआरएस, म्हणजे निर्देशांकांची पद्धत, बघा. खानदेश पूर्ण यूटीएम 43 उत्तर झोनमध्ये येतो, म्हणजे ईपीएसजी 32643. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत क्षेत्रफळ मोजलं तर प्लगइन बिचारं काय करणार.

पहिलं: एरर शेवटपर्यंत वाचा

फुकटची तपासणी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे एररबरोबर येणारी ओळींची यादी, खालून वर वाचायचा. शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं, तिच्या वरच्या ओळींत कुठल्या फाइलमध्ये झालं ते. एररची पिवळी पट्टी निघून गेली असेल तर व्ह्यू मेनूतून लॉग मेसेजेसचं पॅनल उघडा.

त्यात फाइलचा पूर्ण पत्ता नीट बघा. निम्मी प्रकरणं इथेच उलगडतात, कारण तो पत्ता आपण समजत होतो त्या फोल्डरचा नसतोच. आपण डी ड्राइव्हवरचा कोड दुरुस्त करत बसतो आणि क्यूजीआयएस सी ड्राइव्हवरची मागच्या महिन्यातली प्रत चालवत असतं.

आणखी एक संदेश लक्षात ठेवा. मागच्या वेळी सुरू होताना या प्लगइनमुळे क्यूजीआयएस क्रॅश झालं, म्हणून ते बंद करतोय, अशा अर्थाचा. क्यूजीआयएस ही नोंद स्वतःच ठेवतं. एकदा पुन्हा टिक करून बघा. परत तोच संदेश आला तर थेट खाली, थांबण्याच्या भागाकडे जा.

दुसरं: फोल्डरमध्ये फोल्डर

समजा प्लगइनचं नाव 'फडनकाशा' आहे. पांझरेवरच्या फड बागायतीचे पाट आणि चाऱ्या आखायला कोणीतरी लिहिलेलं, असं धरू. त्याची झिप विंडोजवर 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' केली की झिपच्या नावाचं एक फोल्डर तयार होतं आणि त्याच्या आत खरं फोल्डर. हे बाहेरचं फोल्डर उचलून प्लगइन्सच्या जागी टाकलं की संपलं. क्यूजीआयएस पहिल्याच पातळीवर मेटाडेटा.टीएक्सटी आणि इनिट.पीवाय (दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर असलेली) शोधतं. त्या सापडल्या नाहीत तर गुपचूप पुढे जातं. एररही देत नाही, म्हणून पहिलं लक्षण दिसलं की आधी हेच तपासा.

गिटहबवरून 'डाउनलोड झिप' केलं असेल तर दुसरी भानगड. फोल्डरचं नाव 'फडनकाशा-मेन' होऊन येतं. क्यूजीआयएसच्या लेखी फोल्डरचं नाव हेच पॅकेजचं नाव. आत कुठे 'फ्रॉम फडनकाशा इम्पोर्ट...' असं लिहिलेलं असेल तर त्या नावाचं पॅकेज आता अस्तित्वातच नाही, आणि 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं. शेपूट काढून टाका, चालेल. लिहिणाऱ्याने मात्र प्लगइनच्या आतले इम्पोर्ट टिंबाने सुरू होणारे, म्हणजे सापेक्ष ठेवावेत. मग फोल्डरच्या नावावर काही अडत नाही.

याच सुमारास मोठी-छोटी अक्षरंही बघून घ्या. विंडोजवर 'डायलॉग.पीवाय' या नावातलं पहिलं अक्षर मोठं की लहान याने फरक पडत नाही, लिनक्सवर पडतो. कॉलेजच्या लॅबमध्ये उबुंटू आणि घरी विंडोज असेल तर हे एक ना एक दिवस चावतंच.

तिसरं: मेटाडेटा.टीएक्सटी

'अपडेट केलं आणि बंद पडलं' यातली बरीच प्रकरणं या एका फाइलीत मिटतात. तिच्यात किमान आवृत्तीची ओळ असते, कमाल आवृत्तीची बहुधा नसते. कमाल दिली नसेल तर क्यूजीआयएस किमान आवृत्तीचा पहिला आकडा घेऊन त्यापुढे .99 धरतं. किमान 3.16 लिहिलं असेल तर कमाल आपोआप 3.99. क्यूजीआयएस 4 बसवलं की तेच प्लगइन 'जुळत नाही' म्हणून नाकारलं जातं, आतला कोड कितीही धडधाकट असो.

म्हणून कमाल आवृत्ती 4.99 लिहून टाकली की झालं, असं करणारे आहेत. तसं करू नका. ती ओळ म्हणजे तुम्ही दिलेली हमी आहे, आणि 3 ते 4 या उडीत खालचं क्यूटी (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) 5 वरून 6 वर गेलंय. आधी पाचवी तपासणी करा, मग ही ओळ बदला. 2018 मध्ये 3.0 आलं तेव्हा पायथन 2 वरून 3 आणि क्यूटी 4 वरून 5 असे दोन्ही बदल एकदम झाले होते. त्या वेळी जी प्लगइनं मागे राहिली, त्यातली कित्येक आजही तिथेच पडून आहेत.

याच फाइलीत 'अबाउट'मध्ये मराठी मजकूर टाकला असेल तर फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह झालीय ना ते बघा. मजकूर अनेक ओळींचा असेल तर पुढच्या ओळी थोड्या आत सरकवाव्या लागतात, नाहीतर वाचणारा पार्सर अडखळतो.

चौथं: कोरं प्रोफाइल

सेटिंग्ज मेनूतून नवं यूजर प्रोफाइल तयार करा आणि त्यात फक्त हे एकच प्लगइन टाका. चाललं, तर दोष प्लगइनमध्ये नाही; जुन्या प्रोफाइलमधलं दुसरं काहीतरी आडवं येतंय. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि हे केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

ही तपासणी का महत्त्वाची, तर एका मशीनवर दीर्घ-आधाराची आवृत्ती आणि ताजी आवृत्ती अशा दोन्ही 3 च्या आवृत्त्या असतील तर त्या एकच प्रोफाइल वापरतात. एकीत केलेला बदल दुसरीत दिसतो. शिवाय क्यूजीआयएस_प्लगइनपाथ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोणी कधी सेट करून ठेवला असेल तर प्लगइनच्या दोन प्रती दोन जागी असू शकतात, आणि चालते ती आपल्याला नको असलेली.

दुरुस्ती करूनही जुनंच वागत असेल तर क्यूजीआयएस पूर्ण बंद करून उघडा. पायथन एकदा वाचलेलं मॉड्यूल स्मृतीत धरून ठेवतं, नुसता टिक काढून-लावून भागेलच असं नाही. रोज लिहिणाऱ्याने 'प्लगइन रीलोडर' वापरावं आणि प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये कोडची प्रत न टाकता गिटच्या फोल्डरकडे नेणारी सिमलिंक ठेवावी. लिहायची आणि चालवायची जागा एकच दिसेल, पण प्रती दोन होणार नाहीत.

पाचवं: बांधलेल्या फाइली कुठे आहेत

इथे जरा थांबून बोलतो, कारण 'गिटवरून चालत नाही, झिप चालते' याचं मूळ इथे आहे.

आयकॉन वगैरे गोष्टी रिसोर्सेस.क्यूआरसी या फाइलीत नोंदवलेल्या असतात. पीवायआरसीसी5 हे टूल त्यापासून पायथनची एक फाइल तयार करतं. ही तयार झालेली फाइल आहे, लिहिलेली नाही, म्हणून शहाणा माणूस ती गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटने सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत, टाकतो. बरोबरच आहे. पण मग ती रेपोत (गिटच्या कोड-साठ्यात) येत नाही, आणि क्लोन करणाऱ्याला, म्हणजे तो साठा उतरवून घेणाऱ्याला, मिळत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लिहिणाऱ्याच्या फोल्डरमध्ये मात्र ती पडलेली असते. त्याने हाताने झिप केली की त्यात जाते, आणि झिप चालते.

तपासणी सोपी आहे. रेपो नव्या, रिकाम्या जागी क्लोन करा. तिथून प्लगइन उभं राहतं का बघा. राहत नसेल तर नेमकी कुठली फाइल कमी आहे ते ट्रेसबॅक सांगेलच.

उपाय दोन. एक, बांधणीची पायरी रीडमीत लिहा आणि स्क्रिप्टमध्ये घाला. दुसरा, मला जास्त पटणारा: ही पायरीच काढून टाका. लहान प्लगइनला क्यूआरसीची गरजच नसते. आयकॉनचा पत्ता प्लगइनच्या स्वतःच्या फोल्डरवरून काढा, यूआय फाइल (खिडक्यांची मांडणी असलेली) चालतानाच लोड करा. तसंही पायक्यूटी6 (क्यूटी 6 पायथनमधून वापरायचा संच) मध्ये पीवायआरसीसी काढून टाकलेलं आहे, तेव्हा आज ना उद्या हे करावंच लागेल.

क्यूटी 6 साठी कोडमध्ये तीन गोष्टी शोधा. 'पायक्यूटी5' असं थेट नाव घेतलेले इम्पोर्ट, त्याऐवजी 'क्यूजीआयएस.पायक्यूटी' लिहायचं, म्हणजे खाली 5 असो वा 6, क्यूजीआयएस बघून घेतं. दुसरं, अर्धवट लिहिलेले एनम (ठरावीक मूल्यांची नावं), 'क्यूटी.अलाइनलेफ्ट' आता 'क्यूटी.अलाइनमेंटफ्लॅग.अलाइनलेफ्ट' असं पूर्ण लिहावं लागतं. तिसरं, शेवटी अंडरस्कोअर असलेलं 'एक्झेक', तो अंडरस्कोअर काढायचा. क्यूजीआयएसच्या स्वतःच्या रेपोत, स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये, पायक्यूटी5 वरून 6 वर नेणारी स्क्रिप्ट आहे. ती आधी चालवा, उरलेलं हाताने.

सहावं: पायथन नेमकं कोणतं

"पण पिप इन्स्टॉल केलं ना भाऊ!" केलं (पिप पायथनची पॅकेजं बसवतं), पण कुठल्या पायथनमध्ये? विंडोजवर क्यूजीआयएस आपलं स्वतःचं पायथन घेऊन येतं. पायथनच्या साइटवरून वेगळं बसवलेल्या पायथनमध्ये टाकलेलं पॅकेज क्यूजीआयएसला दिसत नाही. स्टार्ट मेनूत क्यूजीआयएसबरोबर आलेलं 'ओएसजीओ4डब्ल्यू शेल' उघडा आणि 'पायथन -एम पिप इन्स्टॉल' तिथून चालवा.

स्वतंत्र इन्स्टॉलरने नवी आवृत्ती बसवली की ती नव्या फोल्डरमध्ये जाते, नवं पायथन घेऊन. जुनी पॅकेजं तिकडे येत नाहीत. क्यूजीआयएसची नवी आवृत्ती दर चार महिन्यांनी निघते, म्हणून हा फोनही साधारण त्याच हिशोबाने येतो.

एक इशारा. पिपला नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) अपग्रेड करू देऊ नका. क्यूजीआयएसबरोबर आलेलं जीडॅल (नकाशांच्या फाइली वाचणारी लायब्ररी) विशिष्ट नमपायवर बांधलेलं असतं. नमपाय 1 च्या जागी 2 आलं की जीडॅलचा त्यावर अवलंबून असलेला भाग कोसळतो, आणि मग एक प्लगइन दुरुस्त करता करता प्रोसेसिंग टूलबॉक्सही जातो. असं झालंच असेल तर पॅकेजं एकेक मागे नेत बसू नका, क्यूजीआयएस काढून पुन्हा बसवा. लवकर होतं.

उबुंटू किंवा डेबियनच्या नव्या आवृत्त्यांवर पिप 'हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं' म्हणून नकार देतं. तो नकार जबरदस्तीने मोडू नका. आधी तेच पॅकेज एपीटीमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या स्वतःच्या पॅकेज-साठ्यात, आहे का बघा, बहुतेक असतं.

मेटाडेटात 'प्लगइन डिपेंडन्सीज' नावाची ओळ असते, तिच्यात पॅकेजांची नावं टाकणारेही भेटतात. ती ओळ दुसऱ्या क्यूजीआयएस प्लगइनसाठी आहे, पिपच्या पॅकेजांसाठी नाही.

सातवं: सी++ बांधणी

पायथनवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. सी++ मधलं प्लगइन असेल, किंवा क्यूजीआयएसच सोर्सवरून बांधत असाल, तरच.

सी++ प्लगइन ज्या आवृत्तीवर बांधलं त्याच आवृत्तीवर चालवायचं. 3 च्या एका उपआवृत्तीवर बांधलेली .एसओ फाइल पुढच्या उपआवृत्तीत टाकली तर चालेल याची कोणतीही हमी नाही. पुन्हा बांधा. लायब्ररी सापडत नाही अशी तक्रार असेल तर त्या फाइलीवर 'एलडीडी' चालवा. 'नॉट फाउंड' लिहिलेल्या ओळी बघा.

बिल्ड फोल्डर सोर्सच्या बाहेर ठेवा, आणि क्यूटी किंवा कंपायलर बदलल्यावर तो पूर्ण पुसून सीमेक (बांधणीची आखणी करणारं साधन) नव्याने चालवा. सीमेककॅश.टीएक्सटीमध्ये जुने पत्ते चिकटून बसतात. सोर्समध्येच बांधणाऱ्याला काय पुसायचं आणि काय ठेवायचं हेच कळेनासं होतं.

मध्येच 'किल्ड' असं येऊन कंपायलर मरत असेल तर कोड बघू नका, रॅम बघा. निंजा (प्रत्यक्ष बांधणी चालवणारं साधन) सगळे कोअर एकदम जुंपतो. त्याला 'जे' पर्यायाने दोन-तीन कामांवर आणा, सावकाश पण पूर्ण होतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो तेव्हा लॅपटॉपवर दुपारची बांधणी करूच नका; तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. रात्री लावा.

आता आपल्याकडचा खास रोग. बांधणी चालू असताना लाइट गेली, डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. लाइट आल्यावर पुन्हा निंजा चालवला तर लिंकर म्हणतो, अमुक .ओ फाइलचा प्रकार ओळखता येत नाही. फाइलीचं नाव डिस्कवर पोहोचलं, मजकूर पोहोचलाच नाही, अशी ती शून्य बाइटची फाइल असते. वेळ ताजी असल्यामुळे निंजाला वाटतं ती झालेली आहे. बिल्ड फोल्डरमध्ये 'फाइंड'ने शून्य आकाराच्या .ओ फाइली शोधून पुसा आणि पुन्हा निंजा चालवा. पूर्ण बांधणी परत करायची गरज नाही. तरीही एरर राहिली आणि सीकॅश (आधी बांधलेल्या फाइली साठवून ठेवणारं साधन) वापरत असाल, तर त्याचा साठाही रिकामा करा.

पुन्हा होऊ नये म्हणून

रेपोच्या मुळाशी प्लगइनचं एकच फोल्डर ठेवा, योग्य नावाने. टेस्ट, कागदपत्रं, नमुना डेटा आणि स्क्रिप्ट त्याच्या बाहेर. झिप कधीही उजवं क्लिक करून बनवू नका. एका स्क्रिप्टने बनवा: ताजा क्लोन घ्यायचा, लागत असेल तर बांधणी करायची, फक्त ते एक फोल्डर झिपमध्ये टाकायचं. प्रत्येक झिपला गिटचा टॅग आणि मेटाडेटातल्या आवृत्तीशी जुळणारा आकडा द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फडनकाशा फायनल नवीन 2' फिरत असेल तर कोणाकडे काय आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

कुठे थांबायचं

क्यूजीआयएस एररशिवाय थेट बंद पडत असेल आणि कोऱ्या प्रोफाइलमध्येही पडत असेल, तर तो दोष पायथनच्या खाली आहे. सी++ आणि डीबगर येत नसेल तर थांबा.

प्लगइन डेटात लिहिणारं असेल आणि अर्धवट चालून पडलं असेल तर लगेच थांबा. जिओपॅकेजची प्रत काढून बाजूला ठेवा, आणि ती काढताना सोबतच्या डब्ल्यूएएल फाइलीही (मूळ फाइलीत अजून न गेलेले बदल त्यांत असतात) घ्या. पोस्टजीआयएस (सर्व्हरवरचा नकाशांचा डेटाबेस) असेल तर तो सर्व्हर सांभाळणाऱ्याला बोलवा. पुन्हा एकदा चालवून बघू, हा मोह इथे महाग पडतो.

सरकारी किंवा संस्थेच्या मशीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागत असेल तर तिथल्या सिस्टीमवाल्याचं काम आहे, आडवाटा शोधू नका. प्लगइन दुसऱ्याचं असेल आणि ट्रेसबॅक त्याच्या कोडमध्ये संपत असेल तर मेटाडेटात 'ट्रॅकर'चा पत्ता असतो, तिथे नोंद करा. मुदत असलेलं काम अडलं असेल तर क्यूजीआयएसच्या मूळ कोडवर काम करणारे विकसक पैसे घेऊन दुरुस्ती करून देतात. एका प्लगइनसाठी आठवडा घालवण्यापेक्षा बऱ्याचदा ते स्वस्त पडतं.

नोंद करताना हेल्प मेनूतल्या 'अबाउट'मधली आवृत्तीची सगळी माहिती कॉपी करून द्या, पूर्ण ट्रेसबॅक मजकूर म्हणून द्या, आणि बिघाड दिसेल एवढाच छोटा बनावट डेटा द्या. वनहक्काच्या दाव्यांचा खरा लेयर कधीच जोडू नका, त्यात माणसांची नावं आणि जमिनी आहेत. आणि मोबाइलने काढलेला स्क्रीनचा फोटो पाठवू नका; ट्रेसबॅकची शेवटची ओळ नेमकी त्यातच कापलेली असते.